म्हशीला सांगितलेली गोष्ट

धाराशिव, ९ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सुनेचा, हर्षालीचा सा. न. वि. वि.

एस.टी.नं धाडलेले धपाटे पोचले. एकबी कमी न्हाई, म्हणजे वाटेत डबा उघडून खाणारा विरेश कंडक्टर आजारी असणार. तुमचा फोन कायम स्पीकरवर, आख्खी गल्ली ऐकते, म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या डब्यात.

पाळी चुकून बारा दिवस झाले. किटवर दोन रेघा आल्यात! तुमच्या लेकाला, अमरसिंहांनाबी सांगितलं न्हाई. मागच्या वेळी मी पहिल्याच दिवशी गावभर केलं, म्हणून नजर लागली आन् गर्भ नळीत अडकला, असं तुम्ही म्हणला होतात. आता तोंडाला कुलूप. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, नळीचं ऑपरेशन झालंय, परत तिथंच अडकू शकतं, पाळी चुकली की लगेच सोनोग्राफीला ये. पण तिथली नर्स तुमच्याच सास्तूरची. जाऊ का नको?

तिखट जरा कमी टाका, माया तेवढीच असू द्या.
तुमची हर्षाली

सास्तूर, ११ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीला धुरपदाबाईचे पोटभर आशीर्वाद.

शाबास गं पोरी! चिठ्ठी वाचताना भाकर करपली, तुझ्या सासऱ्यांनी निमूट खाल्ली. तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई, ही आपली रीत. त्या नर्सला कळलं की गावाला कळलं. तवर दवाखाना नको. म्या फकस्त म्हशीला सांगितलं. तिला चालतंय.

जड उचलू नको. काय वाटलं तर डब्यातनं कळीव.
तुझी आत्या

धाराशिव, १३ डिसेंबर

ती. आत्याबाईंना घाईतला सा. न.

डबा सकाळच्या गाडीनं धाडायचाय. तांबूस डाग दिसतोय, डाव्या अंगाला कळा. खांदाबी धरलाय, बादली उचलली म्हणून असंल. हे ड्युटीवर गेलेत. काळजी करू नका, पण म्हशीला एवढ्यात पुढचं सांगू नका.
हर्षाली

धाराशिव, २३ डिसेंबर

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

टाके सुकले. तुम्ही गेल्यापास्नं घर रिकामं वाटतंय. हे अजून सांगत हसतात, तुम्ही स्टँडवरच डबा उघडलात, तिथनंच ह्यांना फोन लावून स्पीकरवर ओरडलात की तिची नळी फुटली असंल, पळ घरी. सास्तूरच्या स्टँडला माझी नळी पाठ झाली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर उशीर झाला असता तर मी वाचले नसते. ती नळी काढली, दुसरी शाबूत हाय. मूल होईल का, ते विचारायचा धीर झाला न्हाई. तुम्ही आठ दिवस उशाला बसलात, पण एक शब्द बोलला न्हाईत. रागावलात का?
उत्तराची वाट बघणारी, हर्षाली

सास्तूर, २५ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीला आशीर्वाद.

रागावले व्हते, पर माझ्यावर. मागल्या बारीला तू खांदा खांदा करत व्हतीस आन् म्या तेल चोळत बसले. ते आठवलं म्हणून बोंबलले. दवाखाना नको, हे तुला लिहिलं कुणी? म्याच. नजरबिजर काय न्हाय. ती रीत म्या मोडली. पुढच्या खेपेला रेघा दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना, आन् मला स्पीकरवर सांग, गल्ली ऐकू दे. आन् पुढची खेप न्हाईच आली, तरी धपाटे काय नातवंडासाठी पाठवत नव्हते. तिखट कमी केलंय.

म्हशीला समदं सांगितलं. दोन दिवस वैरणीला तोंड लावलं न्हाई तिनं. आज खाल्लंय. तूबी जेव आता.
तुझी आत्या