डोळा मारणारी गाडी

वारंगा फाटा,
ता. १६ फेब्रुवारी २००४

चि. दीक्षास,
बाबांचा जयभीम. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. रविंद्ररावांना जयभीम सांग. विहीणबाईंनाही सांग, पण पत्र पुरं वाचल्यावर.

गॅरेजात हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग आहे. परवा जेवता जेवता फाट्यावरनं एक ट्रक गेला. मी खाजा मियाला म्हटलं, "मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं." तो हसला. दहा मिनिटांत तोच ट्रक दारात. खाजा मिया म्हणतो, "सेठ, ये कान हैं के डाक्टर की नळी?"

लाल गाडी देऊन टाकली.

तुझी आई म्हणते, "सवत गेली एकदाची." इटलीची गाडी, दोन दारं, दोन माणसं. हैदराबादच्या पार्टीनं दुरुस्तीला टाकली, नेलीच न्हाई, शेवटी मलाच देऊन टाकली. ज्या फाट्यावर मी सायकलींत हवा भरली, तिथंच ती घेऊन उभा राहिलो की छाती फुगायची. बाकी सुख काही न्हाई. गतिरोधकावर पोट टेकायचं, चौघांनी उचलायची. उन्हात बंद केली की तासभर चालू व्हायची न्हाई. पुढचे दिवे पापणीसारखे उघडायचे, त्यातला एक उघडाच अडकलेला. सारा औंढा तिला डोळा मारणारी म्हणायचा.

तुझा निरोप मिळाला. पहिलं बाळंतपण असून माहेरी येत न्हाईस. आईनं तुझ्यासाठी बाज विणून ठेवलीय. मी टेकलो तरी ओरडते.

काहून येत न्हाईस, ते मला ठाऊक आहे. मागच्या एप्रिलात औंढ्याच्या नाक्यावर विहीणबाई उन्हात उभ्या होत्या, आणि मी थांबलो न्हाई. तुला आधी म्हटलं, दिसल्या न्हाईत. मग म्हटलं, थांबवली असती तर गाडी परत चालू झाली नसती. ते खरं आहे, पण कारण ते नव्हतं.

काच खाली होती. "अवं, व्याही आले! थांबा वं!" मला बराबर ऐकू आलं. ट्रकचं बेअरिंग ज्याला ऐकू येतं, त्याला विहिणीचा आवाज येणार न्हाई? शेजारची सीट रिकामी होती. त्यांच्या डोक्यावर गाठोडं होतं, आणि नाक्यावर माझ्या ओळखीची माणसं बसलेली. मला त्या गाठोड्याची लाज वाटली. तसंच गाठोडं माझी आई वाहायची. त्यातलीच भाकर खाऊन मी मोठा झालो.

गाडी नांदेडच्या उत्तमसिंगला दिली, बदल्यात जुनी जीप घेतली. विहीणबाईंचा गुडघा दुखतो म्हणून जीपला खाली एक पायरी वेल्डिंग केली. तुझ्या आईला चढून बघायला लावलं. ती म्हणाली, "अजून दोन बोटं खाली घ्या." घेतली.

रविवारी कुरुंद्याला तुझ्या सासरी येतो. आधी विहीणबाईंची माफी मागीन. मग त्यांना म्हणीन, पुढच्या सीटवर बसा, दीक्षाला माहेरी पोचवायला चला. त्या बसल्या तर तू बस. न्हाई म्हणाल्या तर रिकामी जीप घेऊन वापस येईन. तुला आग्रह करणार न्हाई.

आता हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

ऐकू येऊनही न थांबलेला,
तुझा बाप
रत्नपाल