कोपऱ्यातल्या खोलीचा व्हॉल्व्ह

आप्पा, तुम्ही ज्या वयात गेलात त्या वयाची मी या महिन्यात झाले. आपण दोघं आयुष्यात कधी पाच मिनिटं सलग बोललो नाही, म्हणून हे लिहितानाही हात अडतोय. पण एक गोष्ट आई गेल्यापासून फक्त तुमची आणि माझीच उरली आहे, आणि तुमच्याशिवाय ती कुणाला सांगणार?

आणीबाणी उठल्यानंतरची ती थंडी. देवळाली कॅम्पात मुंबईची आजारी माणसं हवापालटाला येत, त्या आरोग्यभवनात तुम्ही फिटर. तळघरात इंग्रजांच्या वेळचा बॉयलर आणि त्याच्या गरम पाण्यावर तापणारा एकेक रेडिएटर खोलीखोलीत भिंतीशी उभा. कुजलेले लोखंडी पाइप काढून करंगळीएवढे बारीक तांब्याचे पाइप टाकायचं ठरलं, आणि नेमके तेव्हाच तुमचे डोळे अधू झाले होते. ते तुम्ही कुणाला कळू दिलं नाही. नवऱ्यानं टाकलेली, सव्वीस वर्षांची मी घरात होतेच. "पोरगी राहील सोबत, सामान द्यायला," असं तुम्ही मॅनेजरना सांगितलंत. तुम्हाला माझे डोळे हवे होते, आणि ते हवे होते याचा राग तुम्ही रोज माझ्यावर काढलात.

शिकवलंत ते स्वयंपाकघरात. आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही गोणपाटावर पाइपचे तुकडे मांडून बसला आहात. पाइप सरळ कापायचा. त्यावर आधी नट सरकवायचा, मग पितळी रिंग, मग पाइप रेडिएटरला पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये टेकेपर्यंत दाबायचा. नट हातानं आवळायचा, पुढे पान्यानं एकच फेरा. तो देताना दुसऱ्या पान्यानं व्हॉल्व्ह धरून ठेवायचा, नाहीतर तो जागेवर फिरतो. माझ्या हातात तो फिरला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नवरा धरून ठेवता आला नाय, ह्यो काय धरशील?" आईचा हात भाकरीवर थांबला आणि परत थापायला लागला. त्या दिवशी मला तुमच्यापेक्षा तिचा जास्त राग आला.

पाणी सोडायच्या दिवशी मोठ्या हॉलमधला एक सांधा सुटला. बायकांच्या हाताला जोर नसतो असं तुम्ही आठवडाभर ऐकवत होतात, म्हणून तो नट मी जीव खाऊन आवळला होता. रिंग चेपली, बारीक पाइप आत दबला, आणि पाण्याची धार थेट एका म्हाताऱ्या बाईंच्या पांघरुणावर गेली. नशीब, पाणी अजून तापलं नव्हतं. तुम्ही पाना घेऊन माझ्या बोटांवर मारलात. एवढ्यावर तुमचं भागलं नाही. सगळे पेशंट आणि मेट्रन बघत असताना तुम्ही मला उभं केलंत. "सांग सगळ्यांना, माझ्या हाताला अक्कल नाय. मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितलं. त्या बाई पुटपुटल्या, "अहो, राहू द्या हो." तुम्ही मला परत सांगायला लावलंत. मधलं बोट पुढे कधी सरळ झालं नाही.

काम संपल्यावर तुम्ही तुमचा पाइप कापायचा कटर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे टाकलात. "लाड नाय करत. मला दिसत नाय म्हणून देतोय." तुमच्या तोंडून खरं ऐकलं ते तेवढंच.

चारेक वर्षांत तुमची जागा मला मिळाली. तुमची छाती भरत गेली, आणि जुना माणूस म्हणून मॅनेजरनी तुम्हाला तिथंच कोपऱ्यातली खोली दिली. निफाडकडे पहाटे द्राक्षांवर बर्फ धरत होता, असा तो हिवाळा. एका दुपारी तुम्ही झोपला होतात आणि मी तुमच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद केला. ठरवून आले नव्हते. हात गेला आणि फिरवला.

संध्याकाळी तुम्ही चाचपडत पाइपला हात लावलात. "गार हाय ह्यो."

"आत हवा अडकली असेल."

"मग काढ की हवा."

"काढते. आधी म्हणा, माझ्या हाताला अक्कल नाय."

नर्स बाहेर औषधं लावत होती, तिला ऐकू जावं असं मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. तुम्ही माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवलीत. मग घोंगडी वर ओढलीत आणि भिंतीकडे तोंड केलंत. चार दिवस तुम्ही ते वाक्य म्हणाला नाहीत आणि नर्सकडे तक्रारही केली नाहीत. मी रोज येऊन विचारायचे, "म्हणताय का?" चौथ्या दिवशी तुमचे ओठ निळसर दिसत होते, तरी मी विचारलं. पाचव्या दिवशी आई डबा घेऊन आली, खोलीत शिरताच थबकली, आणि आयुष्यात कधी पान्याला हात न लावलेल्या त्या बाईनं खाली वाकून व्हॉल्व्ह उघडला. "जा तू," एवढंच ती मला म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तुम्ही गेलात चैत्रात, भर उन्हाळ्यात. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच निकामी झाली होती. त्या चार दिवसांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. आजही वाटते.

हे कुठे पाठवायचं नाही. तुमची माफी मागावी असं अजून आतून येत नाही, आणि तुम्ही मागितली असती तर मी दिली असती असंही नाही. एकच सांगते आणि थांबते. मी निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराला सगळे जमले होते. कुणीतरी विचारलं, एवढं सफाईचं काम बाईमाणसाला शिकवलं कुणी? मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. फार मायेनं शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा, ते बोलताना मला बरं वाटलं.