सतरा तास आणि आडवी मान

१२ ऑक्टोबर, सकाळी
टॅबलेटवर झोर्नित्सा दिसली. लेक माझी, एकोणीस वर्षं मेलबर्नला असते. यंत्राचा आवाज मात्र गेलेला. तरी मी तीन प्रश्न विचारले. आठ नोव्हेंबरला माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण, येतेस? आडवी मान. थेट विमानाने? आडवी मान. तू आठ वर्षांची असताना मी केलेली करकोच्याची कविता आठवते? जोरजोरात आडवी मान! तीन वेळा होकार. डोळे भरून आले.

संध्याकाळी
शेजारीण स्टान्का म्हणाली, अहो मास्तर, हुरळू नका. मान आडवी म्हणजे हो, खाली-वर म्हणजे नाही, हे आपल्या बल्गेरियात. तिकडे आडवीलाच नाही म्हणतात. मी म्हटलं, पासपोर्ट बदलतो, मान बदलत नाही. ती म्हणाली, एकोणीस वर्षांत दोनदा आली, त्यातली एक खेप आईच्या मातीला. अरसिक बाई.

१५ ऑक्टोबर
शाळेचा जुना पृथ्वीगोल काढला. पॅसिफिकमध्ये कुठल्याशा इयत्तेने माझ्या मिशा काढल्यात. दोरा लावून मोजलं. मेलबर्न ते सोफिया पंधरा हजार किलोमीटर. ताशी नऊशे धरले तर सतरा तास. मायेपुढे काय ते! आमच्या व्रात्साहून सोफियाची बसच दोन तास खाते.
स्वागताची कविता लिहायची. उद्यापासून रोज दहा कडवी.

२३ ऑक्टोबर
कडवी: एक. तेही अर्धं. 'आकाश' आणि 'अवकाश' याशिवाय यमक सुचत नाही. थंडीचा परिणाम.
झोर्नित्साचा निरोप आला: बाबा, ते यंत्र दुरुस्त करून घ्या, मग बोलू. चलाख पोर! तोंडून बेत फुटेल म्हणून टाळतेय. फोन करून विचारणार नाही. खात्री परक्यांची करतात. दुरुस्तीही नामदिनानंतरच.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच
विमान निघालं. (वेळ मी ठरवली. कुठलीतरी असणारच.) म्हणजे उद्या सकाळी दहाला उतरेल. बनित्सा भाजला, चीज दुप्पट घातलं. स्टान्काने विचारलं, उरला तर मी नेऊ का? आणि उरणारच आहे, हेही वर सांगितलं.

८ नोव्हेंबर, दुपारी बारा, सोफिया विमानतळ
बनित्सा गार. चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, आजोबा, मेलबर्नहून इथं थेट विमान येत नाही. मी म्हटलं, आज नसेल. ती म्हणाली, कधीच नाही. वेळ जावा म्हणून कविता ऐकतेस का विचारलं. तिने मान खाली-वर केली. आपल्याच मातीतली. नाही म्हणजे नाही.

साडेबारा
शेवटी फोन केला. झोर्नित्सा म्हणाली, अय्या, आज नामदिन! विसरलेच होते हो. मी विचारलं, मग त्या दिवशी मान हलवलीस ती? म्हणाली, तुमचा आवाजच येत नव्हता. ऐकू येत नाही, ऐकू येत नाही, एवढंच तर सांगत होते. आणि मागे कसल्या घोषणा चालल्यात? मी म्हटलं, रेडिओ.
कवितेचं विचारलं. म्हणाली, कसला करकोचा, बाबा?
ठेवता ठेवता विचारलं, वसंतात तरी येशील? बराच वेळ काही आवाज नाही.
फोनवर मान दिसत नाही. आडवीच हलवली असणार.