हिरव्या भुकटीला लोहचुंबक लावलं

मंगळवार, संध्याकाळ. वणी.

प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारणीच्या, वैशालीच्या, प्रबंधातला नमुना आज मी पुन्हा बनवला. वीजवाहक पॉलिमरमध्ये लोहाच्या चुंबकीय ऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण. हिरव्या भुकटीतून वीज नीट गेली, पण लोहचुंबक लावल्यावर कणही हलला नाही. पॉलिमर बनवताना घातलेल्या आम्लात ऑक्साईड विरघळलं असणार. तीनदा केलं, तेच.

तिला सांगितलं. ती बाटल्या धुता धुता म्हणाली, "मले माहीत आहे."

"मग आपल्या पेपरात चुंबकत्व कुठून आलं?"

"नुसत्या ऑक्साईडचं रीडिंग टाकलं. आता कायले विचारून राह्यली? तुह्यंबी नाव आहे त्यात."

आहे. मी न तपासताच सही केली होती.

पेपर मागे घ्या, असा मेल आमच्या मार्गदर्शक सरांना पाठवला. तिला आधी सांगायला हवं होतं का? मेल गेला आणि वैशाली दोघींचा चहा घेऊन आली. मेलचं न सांगताच मी तो प्यायले.