गोठा म्हणून लिहून घेतलं

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीच, म्हणून निर्धास्त लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंतची. नातीच्या वहीची पानं फाडली आहेत, ती आली की भांडेल. भांडू दे.

माझ्या थोरल्याला कंपनीनं जपानला धाडलं होतं, नवीन मशीन शिकायला. परवा आला. मशीनचे फोटो मी नुसतेच उलटले. मग एक गाव निघालं. जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाची बुटकी घरं, दारात दगडी डोणी, तिच्यात वाहतं पाणी. "आई, हे मुक्कामाचं गाव. पूर्वी इथं वाटसरू उतरायचे, घोडे बदलायचे," तो सांगत होता. पुढं मोठा रस्ता दुसरीकडून गेला, गाव ओस पडायला लागलं, तेव्हा लोकांनी बसून ठरवलं म्हणे, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. तिथं तो एक दिवस राहिला. निघताना बघतो तर घरच्या म्हातारीनं त्याचे बूट तोंड बाहेर करून मांडलेले, जाणाऱ्याला वळायला लागू नये म्हणून. एवढं ऐकलं आणि मी चहाच्या निमित्तानं उठले.

चाकणच्या अलीकडचा आपला गाडीतळ, बैलगाड्यांच्या मुक्कामाचा, काही एवढा देखणा नव्हता. एक लांब पडवी, एक हौद, भिंतीला खुंट्यांची रांग. कांद्याच्या गाड्या सोडल्या की गाडीवानानं आसूड बाहेरच्या खुंटीला अडकवायचा, आत आणायचा नाही, हा तुमचा कायदा. आणि आधी बैलांना पाणी, मग माणसाला चहा. एकदा मी चुकले. गाडीवान थकलेला दिसला, मी त्याला कप दिला. तुम्ही येता, बैलांची कोरडी तोंडं बघता आणि त्याच्या हातातला कप काढून घेता.

"आबा, मी काय बैलापरीस खालचा हाय व्हय?"

"तुला मागता येतंय की. त्याला न्हाई येत."

तो हसला. मला मात्र तुम्ही त्याच्यादेखत बोललात, "डोळं हायेत का बटणं?" ते मला लागलं. मी तुमचीच लेक, माझी जीभही तुमच्यावरच गेलेली, पण तेव्हा गिळलं.

पुढं लग्न होऊन पिंपरीला आले. चाळीत एकीनं विचारलं, "तुमचं माहेर म्हंजे ते गाडीवाले झोपत्यात तेच का?" बाकीच्या पदराआड हसल्या. त्या दिवसापासून मी माहेरी मळा आहे म्हणून सांगायला लागले. विहीरसुद्धा सांगितली, आबा, मोटेसकट.

मग मोजणीवाले आले. मी चार दिवस माहेरी आले होते, तुम्ही बाजाराला गेला होतात. रस्ता रुंद करायचा होता. साहेब बिचारा सभ्य माणूस. "बाई, इथं वाटसरू थांबतात का? लोकांच्या वापरातली जागा असली तर तसं लिहितो. रस्ता पलीकडच्या माळानं नेता येईल," म्हणाला. खुंट्यांवरचे तीन आसूड त्याला दिसत होते. मी म्हणाले, "कोन थांबतंय? गोठा हाय आमचा." त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. त्यानं गोठा म्हणून लिहून घेतलं.

तुम्हाला ते कचेरीत कळलं. अर्ज घेऊन गेलात तेव्हा त्यांनी कागद वाचून दाखवला, घरच्या बाईनं सांगितलंय म्हणून. तुम्ही तिथून सरळ माझ्या खोलीवर आलात. पाणी दिलं, घेतलं नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलंत, "लाज वाटत व्हती व्हय?"

मी म्हणाले, "व्हय."

तुम्ही मान हलवलीत आणि बस धरायला गेलात. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि ते तिथंच मिटलं असतं.

तळ गेल्यावर तुम्ही माझ्याकडेच राहिलात, दुसरं होतं कोण. पहिली शिफ्ट सुटली की चाळीच्या तोंडाशी घागर घेऊन बसायचात, जाणाऱ्या कामगारांना विचारायचात, "दमलास का रं? पानी घेतो?" पोरं घेत, कुणी हसत. एक दिवस मी सगळ्यांसमोर ओरडले, "आबा, हितं कुणी मुक्कामाला येत न्हाई. उठा." तुम्ही उठलात, ते पुन्हा बसला नाहीत. सहा महिन्यांनी गेलात. डॉक्टर छातीचं म्हणाला.

परवा चहा घेऊन आले तर थोरल्यानं विचारलं, "आई, आजोबांचा तळ कशानं गेला गं?" मी म्हणाले, "सरकारनं नेला." तो म्हणाला, "आपल्या लोकांना किंमतच नाही." मी म्हणाले, "नाहीच." आणि त्याच्यापुढं बिस्किटं ठेवली.

हे त्याला वाचायला देणार नाही. कुणालाच नाही, स्टोव्हवर धरीन. फक्त एक राहिलं. तळावर रोलर फिरला त्या दिवशी मी पिंपरीहून मुद्दाम आले होते. तुम्हाला वाटलं रडायला आले, तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. आबा, मला तेव्हा हलकं वाटत होतं.