उमेराबाद कोणी घेतलं?

यवतमाळ, ४ मार्च २०२५

चि. इंद्रजित यास आत्याचे आशीर्वाद.

फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करत दुसरंच काही बघत असतोस, म्हणून पत्र. हे तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

लग्नाला आलास, जेवलास, झोपलास, इथवर ठीक होतं. माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला कोणी सांगितलं होतं? म्हणे जुनी सिस्टिम धोक्याची, नवी टाकून देतो. टाकलीस. आता पडद्यावर न मागता हवामान दिसतं, नट्यांची लग्नं दिसतात, आणि माझा खेळ उघडला की एक चौकट येते: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. माझ्याच घरात मला नाही म्हणणारं यंत्र!

तुला वाटतं, म्हातारीचा टाइमपास. तर ऐक. हा लढाईचा खेळ मी एकटी खेळत नाही. मारेगावची उमेरा माझ्याविरुद्ध खेळते. आम्ही एका बाकावर शिकलो, त्याच कॉन्व्हेंटात दोघींनी शिकवलं, आणि मला मुख्याध्यापिका केलं त्या वर्षापासून ती माझ्याशी बोलत नाही. ना फोन, ना ईदेचं बोलावणं. फक्त डाव थांबला नाही. माझी चाल झाली की पेनड्राइव्ह औषधाच्या डबीत घालून मी वणी गाडीच्या कंडक्टरला देते. ती मारेगावच्या स्टँडवर घेते, आपली चाल करते, डबी परत येते. आत चिठ्ठी नसते. डबी आली म्हणजे उमेरा आहे, एवढं मला कळतं.

आता चाल माझी आणि डबी माझ्याकडे अडकलेली. काल कंडक्टर सुनील विचारत होता, की बाई, डबी काहून नाही देऊन राह्यल्या, तिकडच्या मॅडम रोजा धरून रोज स्टँडवर चक्कर मारून राह्यल्या. तिला वाटत असेल, मीच खेळ मोडला.

येऊन दुरुस्त कर. नवा चकचकीत खेळ घेण्याचा सल्ला दिलास तर पुढच्या वेळी जेवण बाहेर शोध.

लोभ आहे, पण सध्या कडी लावून ठेवला आहे.
आत्या


यवतमाळ, तुझ्याच टेबलावरून, १६ मार्च २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

तू बारशाला घाटंजीला गेलेली आणि मला दुपारची गाडी, म्हणून हे पत्र ठेवून जातो. किल्ली शेजारच्या कांताबाईंनी दिली. देताना म्हणाल्या, आला का रे बाबू, तुही आत्या तुह्या नावानं बोटं मोडू मोडू थकली.

तर थांबव बोटं. खेळ चालतो! तो इतका जुना आहे की नव्या सिस्टिमला त्याची भाषाच कळत नाही. म्हणून एक छोटा प्रोग्राम टाकला, तो खेळासमोर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. आधी खेळ असा सुसाट पळाला की घोडेस्वार दिसेचनात. मग वेग उतरवत उतरवत तुझ्या चालीवर आणला.

आणि आता बक्षीस. नीट चालतो का बघायला तुझी चाल मीच खेळलो. आत्या, तुझ्या तोफा टेकडीमागे उमेराबादला खेटून उभ्या, आणि उमेरामावशींच्या त्या राजधानीत फक्त एक भालेकरी! तुला दिसलंच नाही का? एका चालीत शहर घेतलं. तू जिंकलीस! लगेच सेव्ह करून, डबी भरून, स्टँडवर सुनीलभाऊंच्या हातात देऊन आलो. तुझी सगळी कामं करून निघालो.

लोभ वाढावा, निदान कडी तरी निघावी.
तुझा, इंद्रजित


यवतमाळ, १७ मार्च २०२५

इंद्रजित,

आशीर्वाद मुद्दाम लिहिलेले नाहीत.

तोफा मला दिसल्या नाहीत? अरे शहाण्या, त्या मी आणल्या. आणल्या आणि तिथेच बसवून ठेवल्या, कारण शहर पडलं की डाव संपतो, आणि डाव संपला की डबी बंद होते. दर खेपेला एखादा घोडेस्वार इकडचा तिकडे करून मी चाल परत पाठवत होते. इतकी वर्षं सांभाळलेलं तू दुपारच्या गाडीआधी उरकलंस. जुन्या फाइलीवरच नवी सेव्ह केलीस, म्हणजे मागे फिरायलाही जागा नाही.

एक वाक्य विचारायचं होतंस. तुम्ही पोरं यंत्राला शंभर प्रश्न विचारता, माणसाला एक नाही.

सकाळीच स्टँडवर गेले. सुनील म्हणाला, डबी तर पोचली बाई. मॅडम म्हणे ती घेऊन तशाच घरी गेल्या. आता ती कशाला डबी पाठवील? कोणत्या कारणाने?

लोभाचं विचारू नकोस. तोही त्याच चालीत गेला.
आत्या


मारेगाव, १८ मार्च २०२५

दीपास सलाम.

रोज्यात राग करू नये, म्हणून इफ्तार होईपर्यंत थांबले. आता लिहिते.

माझं शहर गेलं त्याचं दुःख नाही. डाव आहे, जाणारच. पण एरवी टेकडीमागचं झाकून ठेवणारा हा खेळ डाव संपला की अख्खा नकाशा उघडा करतो. टेकडीमागच्या तुझ्या तोफा दिसल्या. भोवती पक्के चर, मातीचे दमदमे. हे एका चालीत होत नाही. म्हणजे केव्हापासून तू माझ्या वेशीवर बसून मला सोडत होतीस! मी इथे डोकं शिणवून वेस राखते आहे, आणि बाई तिकडे दया करत आहेत!

तुला वाटत असेल, पद तुला मिळालं म्हणून मी तोंड फिरवलं. पद तुझंच होतं. मी बोलणं सोडलं ते तू खुर्चीत बसताच माझ्याकडून दहावीचं इंग्रजी काढून पाचवीची चित्रकला दिलीस तेव्हा. ऑफिसात म्हणालीस म्हणे, उमेराला आता दगदग नको. कोणी सांगितलं नको? मला विचारलं होतंस?

शेवटची चाल तुझी नाही, हे ओळखलं. सुनीलने सांगितलं, डबी भाच्याने दिली. त्याला माझा सलाम सांग. तुझ्या घरात मला बरोबरीचा शत्रू समजणारा तो एकटाच निघाला. त्याला रागावली असशील तर माफी माग.

गुरुवारी यवतमाळच्या गाडीने येते. चहा ठेवू नकोस, रोजा आहे. खजूर मी आणते. नवा डाव मांडू, तुझ्याच टेबलावर, शेजारी बसून, म्हणजे हात आखडता घेतलास तर तिथल्या तिथे दिसेल.

लोभाची विनंती करत नाही. तोफ आणलीस तर डागत जा.
उमेरा