शेवटच्या दोन अक्षरांची भानगड

वाल्येवो,
१२ फेब्रुवारी २०१०

प्रिय विंको यास,

वाल्येवोहून रादिवोयेचा मनापासून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण एकदा खाली गेलो की वर यायला पेर्सा लागते आणि ती आत्ता आंबवलेला कोबी बघायला तळघरात गेली आहे.) तब्येत कशी आहे? कंबर? वहिनी, मुलं, तुझ्या त्या मधमाश्या? आमच्याकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब आणि पेर्साचा आवाज, दोन्ही डॉक्टरांच्या मते या वयाला चालण्यासारखे आहेत. एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू चष्मा पुसशील, हे मला ठाऊक आहे. घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. म्हणजे मरणपंथाला एक जण लागलाय, पण तो माणूस नाही.

बेलग्रेडच्या पोस्ट-तार शाळेतल्या आपल्या सहासष्टच्या तुकडीचं इंटरनेटवर एक पान आहे. तेवीस नावं, पत्ते, फोन नंबर, आणि खाली कुणीही काहीही लिहावं असा फळा. (ल्येर्का वाराज्दिनहून रोज तिथलं हवामान लिहिते. का, हे विचारायची कुणाची छाती नाही.) देश फुटला, पोस्टखातं फुटलं, पण या फळ्यावर आम्ही अजून एकमेकांची हक्काने उणीदुणी काढतो. या पानाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट वाय-यू आहे. वाय-यू म्हणजे युगोस्लाव्हिया. आता हा देश आहे कुठे असं तू विचारशील, तर अडचण तीच आहे. तीस मार्चला ही दोन अक्षरं कायमची बंद होणार आणि त्यांच्यामागे आपलं पानही जाणार.

मला हे बाजारासमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या स्लाव्काबाईंनी सांगितलं. बाई पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, पण समजावून सांगतात. म्हणाल्या की यंत्र हा पत्ता शेवटाकडून वाचतं. विंको, मला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला! आपण पाकीट कसं वाचायचो? खालून वर. आधी देश, मग गाव, मग गल्ली, आणि ज्याचं पत्र तो माणूस सगळ्यात शेवटी. मी बाईंना टपाल वाटपावर अर्धा तास व्याख्यान दिलं. (दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती निघून गेली.) बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग काका, असं समजा की पत्रं लावायच्या कपाटातला तुमचा खणच काढून टाकताहेत. आता पत्र टाकणार कुठे?"

मग नवीन खण शोधणं आलं. बाईंनी यादी दाखवली. कॉम दुकानदारांचं, ऑर्ग संस्थांचं, इन्फो माहिती देणाऱ्यांचं, एज्यू बहुतेक अमेरिकेतल्या कॉलेजांचं, आणि दोन अक्षरं असली की तो देश. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशाच्या नशिबी टी-व्ही ही अक्षरं आली, आणि ती दूरदर्शनवाल्यांना देऊन तो देश चार पैसे कमावतो. (आपलं वाय-यू कुणी फुकटसुद्धा नेईना.) विमानवाल्यांचं वेगळं, आणि वस्तुसंग्रहालयांसाठी तर म्यूझियम असा आख्खा शब्द. मी हे घरी सांगितलं तर पेर्सा म्हणाली, "तेच घ्या. तुम्ही नुसते समोर जाऊन उभे राहिलात तरी कागदपत्रं मागायचे नाहीत."

आर-एस, म्हणजे सर्बिया, मला सहज मिळालं असतं. मी भोळेपणाने तसं फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशी वाराज्दिनचं हवामान आलं नाही. ल्येर्काने लिहिलं, "माझ्या नावामागे तुझ्या देशाचं शेपूट लावलंस तर ते शेपूट आणि तू, दोघांनाही कापीन." बरं, क्रोएशियाचं एच-आर घ्यावं तर आमच्या गल्लीत मला कोण उभं करील? झेनित्साचा हासिब म्हणाला, बॉस्नियाचं बी-ए घ्या, पण आमच्याकडे राष्ट्राध्यक्षच तीन, शिंकायलाही तिघांची सही लागते. निक्शिचच्या साव्होने मिशीला पीळ दिला. माँटेनेग्रोचं एम-ई इंग्रजीत वाचलं की 'मला' असा अर्थ होतो, म्हणून सारं जग रांगेत उभं आहे म्हणे. मी उद्याच नोंदवतो, असं म्हणून तो जो आडवा झाला, त्याला आज तीन आठवडे झाले. कॉम म्हटलं तर हासिब विचारतो, आपण विकणार काय, कवळ्या? आणि ऑर्ग म्हणजे संस्था, संस्था म्हटली की अध्यक्ष आला, निवडणूक आली, म्हणजे तेविसांचे बावीस तट. माझा ठाम विरोध आहे.

राहता राहिलं ई-यू, युरोपीय संघाचं. कुणाच्या शेपटावर पाय नाही. सगळे एकदम कबूल झाले (असं १९६६ पासून पहिल्यांदा घडलं). पण घोडं अडलं ते असं की ई-यू संघात राहणाऱ्यालाच मिळतं. आम्ही सगळे दाराबाहेर. तेविसांत आत बसलेला एकटा तू, स्लोव्हेनियात, क्रान्यला. तेव्हा पोस्टाचे माजी तपासनीससाहेब, नोंदणी तुमच्या नावावर करावी, ही तुकडीची हात जोडून विनंती.

तुझ्या नावापुढे फक्त पत्ता आहे, फोनचा रकाना रिकामा. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात तुझं शेवटचं पत्र आलं. मी उत्तर दिलं नाही. युद्धामुळे टपाल बंद आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी पोस्टातला माणूस. टपाल पुन्हा सुरू झालं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाज वाटली रे, आणि जितकी वर्षं गेली तितकी वाढत गेली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, मधमाश्यांना लांबूनच.

तुझा,
रादिवोये

ता. क. : नोंदणीचा कागद सोबत जोडला आहे. मी पेन्सिलीने खुणा केल्यात तिथे सही कर. वर्षातून एकदा नूतनीकरण करावं लागतं, आणि त्याची सूचना फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच येते.

आणखी ता. क. : पेर्साने पत्र वाचलं आणि म्हणते, खरं लिहा नाहीतर कोबी मिळणार नाही. तर खरं असं, की ऑर्ग कुठल्याही देशातल्या कुणालाही मिळतं. मंगळवारी स्लाव्काबाईंनी ते माझ्या नावावर घेतलंसुद्धा. दहा मिनिटं लागली. पान तिकडे हललं, तेवीसही नावं शाबूत आहेत, ल्येर्काने पाऊस लिहिलाय. तेव्हा ई-यूवाचून कुणाचं काही अडलेलं नाही. पण ऑर्गला तू लागत नाहीस. ई-यू घेतलंस तर नूतनीकरण केलं की नाही, एवढं कळवायला तरी वर्षातून एकदा तुला मला लिहावं लागेल. एकोणीस वर्षांत मला दुसरं निमित्त सुचलं नाही. कागद फाडून टाकलास तरी चालेल. फाडला, एवढं मात्र कळव.